दहा हातांच्या तुळया

बारामती, ता. ७ नोव्हेंबर १९३५, गुरुवार

मे महिन्यापासून या वहीत एक अक्षर लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा मागायची ती माझी मलाच. इतके दिवस मी कामाचा व्याप हे कारण सांगत होतो. खरे कारण असे, की मनात होते ते सगळे घराविषयी होते आणि घर काही सुरू होत नव्हते. स्टेशनच्या वाटेवरची जागा घेऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून मी विटा, चुना, लाकूड, गवंडी यांविषयी विचारीत, वाचीत आणि टिपणे काढीत आहे. शाळेतले इतर शिक्षक मला 'बांधकाम खाते' म्हणतात. माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो, ते चुकता कामा नये, एवढेच माझे म्हणणे.

आज लिहावेसे वाटले त्याला कारण दिवाळीत घडले. माझे साडू श्रीपादराव, इंदापूरचे डॉक्टर, सहकुटुंब आले होते. त्यांनी आमची जागा पाहिली, उन्हात जरा वेळ उभे राहिले, आणि जेवताना म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची जागा बघून मलाही हुक्की आली. आम्हीही बांधतो."

विमलने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हातातला घास हातातच धरला. "अहो, जागा?"

"दवाखान्यामागची आहे की."

झाले. भात संपायच्या आत घर ठरले! माझी पत्नी विनया हसून म्हणाली, "याला म्हणतात घर बांधणं. आमच्याकडे अजून नकाशाच पसंत व्हायचाय." सगळे हसले. मीही हसलो.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती कुठेच न लिहिणे हेही एक प्रकारचे लपवणे होईल. श्रीपादराव प्रथम विनयालाच पाहायला आले होते. पत्रिकेत एकनाड निघाली म्हणून ते जमले नाही. पुढे काही वर्षांनी त्याच घरी येऊन त्यांनी धाकटीला, विमलला, मागणी घातली. हे दोन्ही घरांत सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर थट्टाही होते. माझ्या मनात त्याविषयी काही नाही. आजही तपासून पाहिले. नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

गवंडी कसा निवडावा याविषयी माझा एक नियम आहे. त्याचे नवे घर पाहू नये, दोन-तीन पावसाळे खाल्लेले पाहावे. आणि विचारायचे ते घरधन्याला विचारू नये, घरधनिणीला विचारावे. घरधनी स्वतःच्या निवडीची बाजू घेतो. गळतीखाली भांडी कुठे मांडावी लागतात ते तिलाच माहीत असते.

त्याप्रमाणे आज विनयाला घेऊन पणदऱ्याला गेलो. तिथे सावळाराम गवंड्याने बांधलेले घर आहे. ठमाबाई नावाच्या बाई अंगणात शेंगा फोडत होत्या.

"सावळाराम व्हय? भिंतीला नाव ठेवाया जागा न्हाय. दोन पावसाळं गेलं, ठिपूस गळाला न्हाय. पर बाई, माणूस हाय का गोगलगाय! लेकीचं लगीन ठरलं तवा पाया घातला, नातू रांगाया लागला तवा चौकट बसली." मग माझ्याकडे वळून, "तुमी काय काम करता?"

मी शिक्षक असल्याचे सांगितले. त्या वेळेपावेतो मी त्यांच्या भिंतीला पट्टी लावून जाडी मोजली होती, कोपऱ्यात ओळंबा सोडून पाहिला होता आणि पोपडा सुटतो का ते नखाने पाहत होतो.

"मग जमंल," त्या विनयाला म्हणाल्या. "तुमच्या मालकांची नि त्याची जोडी झ्याक जमंल."

परतताना बैलगाडीत विनया मधून मधून हसत होती. सावळारामला रोजावर ठेवायचे ठरवले.

२४ नोव्हेंबर, रविवार

श्रीपादराव आपली मोटार घेऊन आले होते. बरोबर वडगाव निंबाळकरचा सोपान गवंडी. त्याला त्यांनी सगळे घर मक्त्याने दिले आहे, माल त्याचा, माणसे त्याची. बोलणी किती वेळ चालली म्हणून विचारले, तर म्हणाले, "एक इंजेक्शन उकळत होतं तेवढ्यात."

सोपान चुणचुणीत आहे, फेटा भगभगीत. माझ्याकडे बघून म्हणाला, "डाक्टरसायबास्नी म्या सांगितलं, तुमी रोगी बघा, आमी भिंती बघतो. येकमेकाच्या धंद्यात हात घालायचा न्हाय."

"आणि भिंत आजारी पडली तर?" मी विचारले.

"तर तुमास्नी बोलवू की, भाऊसायब. तुमी तपासनीस." श्रीपादराव खो खो हसले. विनया चहा घेऊन येत होती, तीही.

ते गेल्यावर मी पुढे घर बांधणाऱ्यांसाठी टिपण लिहिले. रोजाने काम दिले तर गवंड्याला घाई नसते आणि आपल्याला असते. मक्त्याने दिले तर उलट होते. रोजाच्या कामावर आपण स्वतः उभे राहायला हवे. मक्त्याच्या कामात आधी सगळे ठरवून लिहून घ्यावे, चुना किती दिवस मुरवणार, पाया मुरूम लागेपर्यंत नेणार की काळ्या मातीतच थांबणार, आणि काम जसजसे पुरे होईल तसतसा हप्ता द्यावा, आधी नाही. श्रीपादरावांनी यातले काही विचारले असेल असे वाटत नाही. मी त्यांना सांगावे का? त्यांनी विचारले तर जरूर सांगेन.

८ डिसेंबर, रविवार

लाकूड सोपानच्या मक्त्यातून काढून दोघांनी मिळून घ्यायची कल्पना श्रीपादरावांची. एकाच वखारीतून एकदम घेतले तर भाव उतरतो आणि वाहतूक एकच पडते. कल्पना चांगली आहे. मला सुचायला हवी होती. पुण्याहून माल रेल्वेने दौंडमार्गे बारामतीला आला. माझ्या जागेवर शेड घातली आहे, तिथे रावजी सुतार दोन्ही घरांचे लाकूड कापणार. आमच्या भागात त्याच्यासारखा सुतार नाही, म्हणून तोही दोघांत एकच.

रावजीने आज एक गोष्ट काढली. "घर घरधन्याच्या हातानं मोजायचं आसतंय. फूटपट्टी दुकानाला. घराला घरधन्याचा गज." म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक काठी कापायची आणि सगळे घर त्या काठीने आखायचे. मी फूट-इंचांचा आग्रह धरणार होतो. पण श्रीपादरावांनी कोटाची बाही वर सारून हात पुढे केलादेखील. "घ्या रावजी, नाडी बघायची तर बघून घ्या."

मग मलाही हात द्यावा लागला. रावजीने दोन्ही काठ्या शेजारी शेजारी उभ्या धरल्या. माझी दोन बोटे आखूड निघाली.

"डॉक्टर उंच आहेत ना," विनया म्हणाली. ती सहज म्हणाली. डॉक्टर माझ्याहून उंच आहेत हे खरेच आहे. यात वाईट वाटण्यासारखे काय होते ते मला कळले नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

२९ डिसेंबर, रविवार

नाताळची सुटी पायाच्या चरात गेली. काळी माती संपून मुरूम लागायला पुरुषभर खोल जावे लागले. सावळाराम एक दगड बसवतो, त्याच्याकडे बघतो, पुन्हा काढतो. श्रीपादरावांचे जोते झाले म्हणे, भिंती खिडकीच्या उंचीला आल्या.

९ जानेवारी १९३६, गुरुवार

शाळेत निघायच्या घाईत होतो, तेवढ्यात इंदापूरहून सोपानची गाडी आली. माडीच्या तुळया आजच हव्यात, माणसे खोळंबली आहेत. रावजी दारात आला.

"भाऊसायब, दहा हाती तुळया मागितल्यात. डाक्टरांचा गज सोपान्या आखणीला घिऊन गेलाय तो तिकडंच. माझ्याकडं तुमचाच हाय. उद्या गज मागवून घिऊ?"

गाडीवान म्हणाला, "रिकामी गाडी न्हेली तर मालक मला तासतील."

मी म्हणालो, "काप याच गजाने. हात म्हणजे हात."

"तुमचा जरा..." रावजी बोलला आणि थांबला.

"दहा हात म्हणजे दहा हात, रावजी. लाकडाला कुणाचा हात ते कळत नाही."

हे मी जरा मोठ्या आवाजात बोललो. नोकरचाकरांशी आवाज चढवायचा नाही असा माझा नेम आहे, तो आज मोडला. संध्याकाळी रावजीला सुपारी देऊन चार शब्द गोड बोललो. शाळेत सातवीचे वर्ग बरे झाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

विनया आठ दिवस इंदापूरला राहून आली. विमलला मदत हवी होती. येताना तोंडात दुसरा विषय नाही. माडीवर फळ्या बसल्या. जिना रुंद आहे, दोन बायका कळशा घेऊन समोरासमोर आल्या तरी कुणाला थांबावे लागत नाही. दिवाणखान्याच्या खिडकीला वर कमानीत रंगीत काचा आहेत, सकाळी जमिनीवर तांबडे-हिरवे तुकडे पडतात आणि विमलची धाकटी रतन ते मुठीत धरायला बघते.

"आपल्याकडे करता येतील का हो तशा?"

मी म्हणालो की रंगीत काचांनी उजेड कमी होतो.

"बरं," ती म्हणाली. तिने वाद घातला असता तर बरे झाले असते.

३ मार्च, मंगळवार

सावळारामला पूर्वेची खिडकी रुंद करायला सांगितली. कमान घ्यायची आहे. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. "म्हंजे हे काढायचं?" एका महिन्याचे काम उतरवावे लागले. टिपणात माझ्याच अक्षरात लिहिले आहे, काम सुरू झाल्यावर नकाशा बदलू नये, घर महाग पडते ते मालामुळे नाही तर मत बदलण्यामुळे. ते वाक्य आज पुन्हा वाचले. वाक्य बरोबर आहे.

काचा मात्र पांढऱ्याच घेणार.

१२ एप्रिल, रविवार, इंदापूर

सुटीमुळे दोन दिवस इकडे आलो आहे. श्रीपादरावांचे घर पुरे होत आले. वास्तुशांत याच महिन्याच्या तीस तारखेला आहे. हे घर सुंदर झाले आहे. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, पण ते खरे आहे म्हणून लिहिले.

सकाळभर हिंडून सगळे पाहिले. मी दोष शोधत होतो का? हो. मक्त्याच्या कामात दोष असतोच असे मी इतकी वर्षे सांगत आलो, तेव्हा तो शोधणे हे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य होते. चुना टणक, कोपरे सरळ. पाया मुरुमापर्यंत नेला आहे, सोपानने शपथेवर सांगितले आणि एका कडेचा खड्डा उकरून दाखवलाही. श्रीपादराव माझ्यामागे फिरत होते. "काय तपासनीस, रोगी जगेल ना?"

दुपारी सगळे झोपल्यावर पुन्हा एकटा गेलो. बाहेरच्या बाजूने तुळयांच्या खोबणी अजून बुजवलेल्या नाहीत. एका खोबणीत काठी सारली. भिंत दीड फूट जाडीची. काठी फूटभर आत गेली आणि त्याहून थोडी पुढे, मग लाकडाला लागली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच! तुळई भिंतीवर सहा बोटांपलीकडे टेकलेलीच नाही. निदान फूटभर टेका हवा. वर नुसते छप्पर असते तर एक वेळ चालले असते, पण वर माडी आहे.

मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

सोपानला विचारावेसे वाटले, पण दुसऱ्याच्या गवंड्याला परस्पर बोलणे बरे नव्हे. श्रीपादरावांना सांगावे तर त्यांनी दोष विचारला नव्हता, 'रोगी जगेल ना' एवढेच विचारले होते, आणि तेही थट्टेत. चहानंतर सगळे माडीवर वारा खात बसले. रतन मला सोडीना. तिला कडेवर घेऊन खिडकीशी बराच वेळ उभा होतो.

२१ एप्रिल, मंगळवार

सहा बोटांचा विचार रोज मनात येतो. सोपानच्या घाईचा तो पुरावा आहे. टिपणात घालावा काय, नाव न घेता? विनयाला अजून सांगितले नाही. ती शुक्रवारी पुढे जाणार आहे, वास्तुशांतीच्या तयारीला. मला वाटते ती परत आल्यावर सांगावे. तेव्हा तिला दोन्ही घरांची खरी तुलना करता येईल.

२६ एप्रिल, रविवार

विनया परवा गेली. आज आपल्या घराच्या मधल्या खोलीवर तुळया चढवल्या. सावळाराम आणि रावजी दोघेही खूश होते. तुळया भिंतीवर अशा बसल्या की जणू भिंत त्यांच्यासाठीच वाढली. रावजी घाम पुसत म्हणाला, "बघा भाऊसायब, दहा हात कशा बरूबर बसल्या. डाक्टरांच्या तितं कशा बसल्या वो?"

"का?"

"न्हाय, तुमच्याच गजानं कापल्या हुत्या. त्यांच्या खोल्या त्यांच्या हाताच्या. मला तवापास्नं रुखरुख हाय. पर तुमी म्हणला, हात म्हंजे हात."

एका हातामागे दोन बोटे. दहा हातांत वीस. दोन्ही टोकांना वाटून दहा-दहा. भागाकार सातवीतला मुलगाही करील.

जानेवारीची नोंद काढून वाचली. त्या दिवशी आवाज का चढला ते कळले. मी अजून जेवलो नाही.

२७ एप्रिल, सोमवार

काल जे सुचले ते सगळे इथे मांडतो, कारण मांडले नाही तर त्यातले एखादे मला खरे वाटू लागेल. असे सुचले की सहा बोटेही पुरतील. असे सुचले की काही झाले तरी दोष मक्त्यावर जाईल आणि ते कुणाला अन्यायाचे वाटणार नाही. असे सुचले की रावजीने पुन्हा विचारायला हवे होते. हे शेवटचे सुचले तेव्हा मी उठून अंगणात गेलो.

गुरुवारी पुरुषांची पंगत माडीवर बसणार आहे, चाळीस पाने. हवा येते म्हणून विमलने हट्टाने वर ठरवली. वाढायला विनया असेल.

हा विचार सर्वांत आधी यायला हवा होता. आधी आला तो हा, की श्रीपादरावांना कळेल.

२८ एप्रिल, मंगळवार

सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर गेलो होतो. जागा नव्हती म्हणून परत आलो.

जागा होती.

२९ एप्रिल, बुधवार, इंदापूर

दुपारी पोहोचलो. घरात गेलो नाही, सरळ दवाखान्यात गेलो. श्रीपादराव एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होते. त्याला वाटेला लावले, मला बाकावर बसवले. मी सगळे सांगितले. गज, गाडी, तुळया. रोगी बोलत असताना ते जसे ऐकतात, जमिनीकडे बघत, तसेच ऐकले.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"टेका कमी आहे हे बारा तारखेपासून. माझ्यामुळे कमी आहे हे रविवारपासून."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग कंपाउंडरकडून सोपानला बोलावणे पाठवले. सोपान आला, माझ्याकडे बघून हात जोडले.

"तुळया आखूड आल्या होत्या का रे?"

"व्हय की. म्या खाली चांगला दगूड घातलाय बसायला."

"मग बोलला का नाहीस?"

"आता काय बोलायचं?" सोपानने माझ्याकडे हात केला. "भाऊसायबांकडनं आल्या. मानसं म्हणत्यात, भाऊसायब मुंगीसुदीक मोजून आत घेत्यात. म्या म्हणलं, ह्यात कायतरी पुस्तकातलं आसंल. आपल्या आडानी मानसाला काय कळतंय."

श्रीपादराव मोठ्याने हसले. मला वाटले आता सगळे मिटले. ते हसू मध्येच थांबले.

"सोपान, मध्ये खांब द्यावे लागतील?"

"द्यायाच पायजेत. चौघाजणांचं चालंल, पंगतीचं न्हाय."

"वास्तुशांत झाली की रावजीला बोलवा. तोवर वर कुणी चढायचं नाही. चुना ओला आहे."

"चुना वाळलाय, सायब. महिना झाला."

"चुना ओला आहे," श्रीपादराव म्हणाले. सोपानने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितले आणि मान हलवून गेला.

मी म्हणालो, "श्रीपादराव, तुमच्यावर घाईचा ठपका येईल. मीच सांगतो सगळ्यांना."

"उद्या माझ्या घरी वास्तुशांत आहे, भाऊसाहेब. माझ्या घरी मी सांगेन ते होईल." एवढा वेळ त्यांचा आवाज नेहमीचा होता. दाराशी गेल्यावर ते वळले. "बारा तारखेला तुम्ही रतनला घेऊन वर उभे होतात."

मी हो म्हणालो.

ते घरात गेले. मी बाकावर बसून राहिलो. पुढचा रोगी आला, त्याने मला विचारले, "डाक्टर कवा येत्याल?"

३० एप्रिल, गुरुवार, इंदापूर

वास्तुशांत पार पडली. पंगती मागच्या अंगणात मांडव घालून बसल्या. उन्हाचा ताप फार होता. विमलने काल सकाळी माडी धुऊन काढली होती, पाटांभोवती महिरपी काढल्या होत्या. तिला कळले तेव्हा ती श्रीपादरावांना सर्वांदेखत बोलली. "महिनाभर हेच ना सांगत होते मी, घाई करू नका म्हणून? त्या सोपानला डोक्यावर बसवलंत!" श्रीपादराव म्हणाले, "चुकलं बाई." दुपारी एक वकील ताक पिता पिता म्हणाले, "डॉक्टर, घर म्हणजे काय इंजेक्शन आहे, टोचलं की झालं?" त्यालाही ते हसले. "घाई नडली खरी."

तोच माणूस हसत हसत भात वाढत होता. माझ्या पानाशी आल्यावर त्यांनी "घ्या, भाऊसाहेब" म्हणून दोन मुदी वाढल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. या वहीत इतके दिवस जे नाही म्हणून लिहीत आलो ते आज लिहितो. मला या माणसाचा मत्सर वाटतो. त्यांच्या उंचीचा, मोटारीचा, जिन्याचा, रंगीत काचांचा वाटतच होता. आज ते माझा दोष अंगावर घेऊन उभे होते, आणि मला त्याचाही मत्सर वाटला. माझ्याकडून ते झाले नसते.

२ मे, शनिवार, बारामती

सकाळच्या मोटारीने परतलो. गर्दी होती, विनयाला खिडकीशी जागा मिळाली. काही अंतर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, एक सांगू? हसू नका."

"नाही."

"मला आपलंच घर आवडतं."

मी तिच्याकडे वळलो.

"त्या माडीचा मला फार मोह पडला होता, खोटं कशाला सांगू. पण बिचाऱ्या विमलचे काय हाल झाले. इतक्या हौसेनं मांडलेलं सगळं भर उन्हात उचलून न्यायचं. श्रीपादराव चांगलेच आहेत हो, पण असं उथळ. काही विचारायचं नाही, बघायचं नाही. मी मनात म्हटलं, आपलं घर उशिरा होईल, पण त्यात असं काही निघायचं नाही." तिने पदर सावरला. "आमचं माणूस मोजून-मापून करतं. मी तुम्हाला तीन वर्षं चिडवलं ना, ते सगळं परत घेते."

श्रीपादरावांना समोर ठेवून तिने माझी निवड करावी, असे मला किती दिवसांपासून वाटत होते, ते आज मोजता येत नाही. बहुधा ते इथे येऊ लागले तेव्हापासून. आज तिने ती केली. मोटारीतल्या पाच-दहा माणसांदेखत केली, आवाज खाली न आणता. मोटारीचा आवाज फार होता, मी ऐकले नाही असे दाखवता आले असते. तसे केले नाही. "बरं," एवढेच म्हणालो. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मला इतके बरे वाटत होते की भिगवणच्या फाट्यापर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नाही.

श्रीपादराव कधी सांगणार नाहीत. सोपान सांगणार नाही. रावजीला सोमवारी इंदापूरला पाठवायचे आहे, खांबांसाठी. त्याला कारण विचारायची गरज नाही, तो जाणतो, आणि तोही सांगणार नाही. म्हणजे ही गोष्ट राहायची तर अशीच राहू शकते. विनया आमच्या घरात राहायला येईल, मधल्या खोलीत झोपेल, वर बघेल आणि दर वेळी माझ्याविषयी चांगले वाटून घेईल.

आता ती आत तांदूळ निवडते आहे. मधेच काहीतरी गुणगुणते. आज सांगावे म्हणून दोनदा उठलो. पहिल्या वेळी तिने विचारले, "पाणी हवंय का?" दुसऱ्या वेळी नुसतेच हसून बघितले, तसे तिने बघितल्याला बरीच वर्षे झाली असतील. मी पाणी पिऊन परत आलो.

एक दिवस मी हे घेतले. एकच.

उद्या: सकाळी चहाच्या वेळी विनयाला सांगणे.